सातवं कलम

करुणानगरातल्या बाया भोंग्याच्या मागे म्हणत नाहीत, भागीरथाबाईच्या मागे म्हणतात. अकोल्यात रेल्वे रुळाच्या पलीकडे ही वस्ती आहे. नाव नगर, घरं टिनाची नाहीतर अर्ध्या प्लास्टरची. तिथल्या विहारात रविवारी वंदना होते. वंदना घेणारा पुढे बसतो, भोंगा खरखरतो, आणि बाया बसतात पार मागे, जिथं अर्धा शब्द पोचतो आणि अर्धा पंख्यात जातो. म्हणून फार वर्षांपूर्वी भागीरथाबाईनं रीत पाडली. पुढून ओळ आली की ती आधी नीट ऐकायची, मग आपल्या खड्या आवाजात शब्द मोकळा करून म्हणायची, आणि बाया तिच्या तोंडून उचलायच्या. पुढं नवा स्पीकर आला, लख्ख ऐकू यायला लागलं, पण सवय ती सवय. लग्न असो, जयंती असो, भागीरथाबाईनं म्हटल्याशिवाय बाया तोंड उघडत नसत. कॉलेजात जाणाऱ्या पोरीसुद्धा.

तिला यात मोठेपणा वाटत नसे. आवाज तिनं मोर्च्यांत कमावला होता आणि त्याआधी डाळमिलमध्ये, जिथं यंत्राच्या वर ओरडल्याशिवाय शेजारणीला पाणी मागता येत नाही. अक्षर मात्र फार उशिरा आलं, तेही सुनेकडून.

सून प्रणाली. मोर्शीकडच्या पाटलाची पोरगी, घरचा संत्र्याचा बगीचा. भागीरथाबाईचा मुलगा नितेश आणि ती अमरावतीला एका कॉलेजात होते. लग्न केलं, तेव्हा बापानं ना मारझोड केली ना पोलिसांत गेला. त्यानं गावाला एवढंच सांगितलं की पोरगी पुण्याला नोकरीला आहे, सुट्टी मिळत नाही. सहा वर्षं झाली, अजून सुट्टी मिळत नाही. मोर्शीपासून अकोला काही लांब नाही, पण त्या घरासाठी प्रणाली पुण्यातच आहे.

विहाराच्या बाजूच्या खोलीत तिनं अभ्यासिका काढली. पोलीस भरतीवाले, दहावीवाले, पाढे न येणारी बारकी, सगळे तिथं. जिभेची तिखट, हातात लाकडी पट्टी. पोट्टे तिला भ्यायचेही आणि तिच्याशिवाय हलायचेही नाहीत. तीन वर्षांपूर्वी समता निर्धार दलानं खोलीला कपाटं दिली, पुस्तकं दिली, दारावर आपला फलक लावला. दल अमरावतीचं, पोरं शिकलेली, काम खरं. ज्या वस्तीवर अन्याय झाला तिथं ही पोरं दुसऱ्या दिवशी हजर असत. भागीरथाबाई त्यांच्या महिला आघाडीची अकोल्याची प्रमुख झाली. नितेश युवक शाखेत.

यंदा जयंती तोंडावर असताना दलानं आपलं भूमिकापत्र काढलं. दल काय मानतं आणि काय मानत नाही, अशी बारा कलमं. अमरावतीला मेळावा घ्यायचा, एकेक कलम मंचावरून वाचायचं, हजार माणसांनी मागून म्हणायचं, म्हणजे ते सगळ्यांचं झालं. त्यासाठी दलाचा अध्यक्ष ललित स्वतः करुणानगरात आला. वकील माणूस, तिशीच्या आतला, चांदूर बाजारचा. बोलायचा अगदी पुस्तकी मराठी.

"आजी, बायांची बाजू तुम्ही सांभाळायची. तुम्ही म्हटलं की त्या म्हणतात, हे मला ठाऊक आहे. मंचासमोर पहिल्या रांगेत बसा."

"बसीन ना. पण आधी वाचू दे मले."

"मी थोडक्यात सांगतो की."

"थोडक्यात नको, बाबू. हजार लोकायले म्हणाले लावाचं हाये."

ती वाचायला बसली. बोट ठेवून वाचायची, एकेक शब्द मोठ्यानं. माणसाची किंमत माणूस म्हणून, हे पहिलं कलम. वा. दारू पाजून मोर्च्याला माणसं न्यायची नाहीत, हे तिसरं. "हे चांगलं केलं," ती म्हणाली. पाचव्यात बायांना अर्ध्या जागा. ती हसली. मग सातव्यावर बोट थांबलं. पुन्हा मागं गेलं. पुन्हा पुढं आलं.

शोषक जातीत जन्मलेली व्यक्ती ही जन्मतःच शोषणाची वारसदार आहे. अशा व्यक्तीस चळवळीच्या कोणत्याही कामात जबाबदारीचे स्थान राहणार नाही.

चुलीशी, म्हणजे गॅसशी, प्रणाली चहा गाळत होती. तिनं मागं न वळताच विचारलं, "सर, अभ्यासिकेची किल्ली आज देऊ, की मेळावा झाल्यावर?"

ललित अवघडला. "वहिनी, हे तुमच्याबद्दल नाही. हे धोरण आहे."

"धोरणाले नाव नसते, पण धोरण लागते तं नावालेच," भागीरथाबाई म्हणाली. "हे खोडून टाक."

"नाही खोडता येत, आजी." त्यानं कप खाली ठेवला. "माझं ऐका. माझ्या बापानं बारा वर्षं एका पाटलाबरोबर चळवळ केली. मोठा माणूस, पुरोगामी. पाणवठ्याची लढाई झाली. मार खाल्ला आमच्या लोकांनी, केसा पडल्या आमच्या लोकांवर, आणि सत्कार झाला त्याचा. शाल, श्रीफळ, पेपरात फोटो. माझा बाप त्याच दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात उभा होता. असे किती सांगू? गोड बोलून येतात, आणि एक दिवस बघावं तर आपलीच चळवळ त्यांच्या नावावर. त्यांना दुखवायचं म्हणून नाही हे कलम. आमचं घर आमच्या हातात राहावं म्हणून आहे."

भागीरथाबाईनं कागदावरचं बोट उचललं. असले मोठे लोक तिनंही पाहिले होते. मोर्च्यात ऊन लागलं की गाडीत जाऊन बसणारे, आणि फोटोवाला आला की पुढं येणारे. पोरगा खोटं बोलत नव्हता.

"त्या पाटलाले धरा ना मग," ती शेवटी म्हणाली. "त्यानं जे केलं त्याच्यासाठी धरा. मानगूट धरून धरा, मी येतो संगं. पण वाळल्यासंगं ओलं काहून जाळता?"

"ओलं-वाळलं निवडत बसायला वेळ नसतो, आजी. लढाईत ओळ आखावी लागते."

"अशीच ओळ आखली होती कोणीतरी. आपल्या बाप-आज्यायले तिच्यापलीकडं बसवलं."

ललितचा चेहरा आखडला. "ही तुलना बरोबर नाही. त्यांच्या हातात सत्ता होती. आमच्या हातात काय आहे?"

"अभ्यासिका," प्रणाली म्हणाली.

तो उठला. जाताना दारात म्हणाला, "आजी, तुमच्या शब्दावर बाया चालतात. विचार करा. एका घरासाठी सगळी चळवळ अडवू नका."

संध्याकाळी नितेश मिलमधून आला, त्याला वाटेतच कळलेलं. तो मुळात भांडखोर नाही. आईजवळ बसून हळूच म्हणाला, "आई, तोंड हालव नुसतं. सातवं आलं की ओठ हालव. कोणाले समजते?"

"बायायले समजते. त्या माह्या ओठावर नाही, आवाजावर म्हणतात."

"मग म्हणून टाक. कागद हाये तो. प्रणालीले कोण काढते हो? ललितभाऊ मायाच दोस्त हाये."

"काढत नाहीत तं लिहिता कायले?"

नितेश बायकोकडं पाहायला लागला, की तूच काही बोल. प्रणाली पोळ्या लाटत होती. म्हणाली, "आई, त्यांचं सगळंच चुकीचं नाही. माझ्या बापाला पाह्यलं ना मी. गड्याचा कप वेगळा, गोठ्याच्या खिडकीत पालथा ठेवलेला. मी काही केलं नाही म्हणते, पण त्या घरचं खाऊनच शिकली. वारस म्हणतात तर म्हणू द्या. फक्त काम तरी करू द्यावं. तेवढंच फेडणं होईल."

"फेडाले आली का तू माह्या घरात?" भागीरथाबाईला राग आला. "मले वाटलं नांदाले आली."

प्रणालीच्या हातातलं लाटणं थांबलं. मग ती हसली, आणि पोळी तव्यावर टाकताना तिचे डोळे भरलेले दिसले. पण ती रडूबाई नव्हे. "मग अभ्यासिका मी सोडते," म्हणाली, "म्हणजे कोणालाच अडचण नको."

"तू सोड. तुही मर्जी. तुले सोडाचा हक्क हाये, त्यायले काढाचा नाही. ह्या दोन गोठी एक नाहीत, अन् मी त्या एक होऊ देणार नाही."

मेळाव्याच्या दिवशी करुणानगरातून गाड्या निघाल्या. भागीरथाबाई नबीच्या टाटा मॅजिकमध्ये बसली. नबी अकोल्यातल्याच खदान भागातला, तिच्या नितेशच्याच वयाचा, पैसे न मागता मोर्च्याला गाडी आणणारा. शेजारी बेबीताई. ही बेबीताई म्हणजे वस्तीचं तोंड. भागीरथाबाईचा आवाज मोठा, हिचा पट्टा मोठा. बोरगाव मंजू गेलं, मूर्तिजापूर आलं, मार्च महिन्याचं ऊन टिनातून खाली गळायला लागलं आणि नबीनं आरशातून विचारलं, "आजी, तुमच्या त्या कागदात मी कोणत्या नंबरवर?"

"तू आठव्यात," बेबीताई म्हणाली. "मित्र समाज."

"मित्रानं काय करायचं?"

"गाडी चालवाची. मंचावर चढाचं नाही." हे बेबीताईनं पदरचं जोडलं.

"म्हणजे स्टेपनी."

"हो, स्टेपनी. पण इमानदार."

गाडीतल्या बाया हसल्या. भागीरथाबाई हसली नाही, तेव्हा बेबीताई तिच्या कानाशी आली. "काय ठरवलं वो? म्हणतं का?"

"नाही म्हणत."

"मंग आमी काय कराचं?"

"तुमच्या तोंडाले काय कुलूप हाये? ज्याले पटलं त्यानं म्हणावं."

"अवो, पण तुयाशिवाय आमाले येतच नाही ना!" बेबीताई एकदम घाबरून म्हणाली, आणि भागीरथाबाईला तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं की ही गोष्ट आपल्या एकटीची राहणार नाही. आपण गप्प बसलो तर ती एका बाईची चूप नसेल. तिला ते आवडलं नाही. आपल्या भांडणात दुसऱ्याला ओढायचं, हे तिच्या स्वभावात नव्हतं. बडनेरा येईपर्यंत ती खिडकीबाहेर बघत राहिली.

अमरावतीचं मंगल कार्यालय भरून गेलं होतं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, निळे झेंडे, बाहेर गिला वड्याच्या गाडीवर गर्दी. भागीरथाबाईनं आत जाताच बायांना सांगितलं, "आज मंचाचं ऐका. स्पीकर चांगला हाये. माह्या भरोशावर राहू नका." बायांनी माना हलवल्या, दुसऱ्या वस्त्यांतल्यांनीही, ज्या मोर्च्यांत तिच्याच मागे घोषणा देत आल्या होत्या. कोणी मनावर घेतलं नाही.

ललित माइकवर आला. बोलणं त्याचं छान. उगीच ओरडत नाही, हात नाचवत नाही. त्यानं सांगितलं की आजवर आपण काय आहोत हे दुसऱ्यांनी लिहिलं, आज आपण लिहू. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भागीरथाबाईनंही वाजवल्या, मनापासून. मग तो म्हणाला, मी एकेक वाक्य वाचतो, मागून म्हणा.

पहिलं कलम झालं. भागीरथाबाईचा आवाज उठला आणि मागून शेकडो बायांचा आवाज असा आला की छताचे पंखे हलल्यासारखे वाटले. दुसरं झालं. तिसऱ्याला बायांनी जरा जास्तच जोर लावला, दारूचं होतं ना. पुरुषांकडून हसण्याची खसखस आली. पाचव्याला अर्ध्या जागांचं म्हणून बायांनी पुन्हा म्हणून घेतलं. सहावं झालं.

"कलम सात," ललित म्हणाला. "शोषक जातीत जन्मलेली व्यक्ती..."

पुरुषांनी म्हटलं. बायांच्या बाजूला पान हललं नाही.

ललितनं माइकवर टिचकी मारली. "ऐकू येतंय ना मागे? पुन्हा म्हणतो. शोषक जातीत जन्मलेली व्यक्ती..."

पुरुषांचाच आवाज, आणि तोही आता बिचकत. बायांच्या रांगांतून कुजबूज सुरू झाली. भागीरथाबाईनं मागं वळून दोन्ही हातांनी खूण केली, म्हणा ना, ज्याले म्हणाचं ते म्हणा. बायांना वाटलं थांबायला सांगतेय. त्या आणखीनच गप्प बसल्या.

ललितला कळलं. त्यानं माइक तोंडापासून जरा दूर धरला, पण लोकांनी ऐकलंच. "आजी, असं करू नका."

भागीरथाबाई उभी राहिली. तिला माइकची गरज नव्हती.

"बाबू, सहा म्हणली मी. पुढची पाचही म्हणीन. हे नाही म्हणणार."

"हे सगळं एक आहे. एक कलम वेगळं काढता येत नाही."

"काहून नाही येत? तांदूळ निवडतो आपण. खडा निघाला म्हणून तांदूळ फेकत नाही, अन् तांदळासाठी खडाही शिजवत नाही."

पुरुषांतून कोणीतरी ओरडलं, "घरात पाटलीण आणली, तिचा पुळका!" दुसरा म्हणाला, "सुनेनं बुढीले शाळा शिकवली हो!" हशा झाला. नितेश त्याच बाजूला बसला होता. त्यानं मान खाली घातली.

"हो, पुळका हाये," भागीरथाबाई त्या आवाजाकडं वळून म्हणाली. "लपवाचं काय त्यात? माह्या घरात हाये म्हणून मले दिसलं. ज्याच्या पायात काटा तोच ओरडते, बाकीचे म्हणतात वाट चांगली हाये. पण सून नसती तरी हे वाक्य खोटंच राह्यलं असतं. फक्त मले उशिरा समजलं असतं."

"आजी, शोषण खरं आहे की नाही?" ललितचा आवाज चढला. "उत्तर द्या. हजारो वर्षं आम्हाला जन्मावरून मोजलं की नाही?"

"मोजलं. मले काय सांगतं? माह्या मायले मोजलं, मले मोजलं. म्हणूनच सांगून राहिली. ते फुटकं माप आपण फेकून दिलं का नाही? का जपून ठेवलं, आपली पाळी आली की मोजू म्हणून?"

सगळा हॉल तिच्या बाजूचा झाला असं नाही. निम्मे लोक चिडलेले होते. मागून एक म्हातारा उठून म्हणाला, "बाई, त्यायनं हजार वर्षं मोजलं, आपण एक डाव मोजलं तं काय बिघडलं?" आणि त्याला सगळ्यात मोठ्या टाळ्या पडल्या.

"तुमाले बरं वाटन," भागीरथाबाई म्हणाली. "एक डाव बरं वाटन, खरं हाये. मलेही वाटन. पण लिहून ठेवू नका. लिहिलेलं राहाते. आपल्यापेक्षा जास्त राहाते."

ललितनं माइक घट्ट धरला. त्याचं पुस्तकी मराठी सुटलं. "ज्यायले मान्य नसन त्यायनं बाहेर जावं. इथं जबरदस्ती नाही कोणावर."

"बाहेर काहून जाऊ? अकरा कलमं माही हायेत. सातव्याले विरोध मी आत बसून करीन. तू पुढं वाच."

आणि ती खाली बसली.

आता ललितपुढं दोनच वाटा होत्या. सातवं सोडायचं, किंवा पुरुषांच्या आवाजावर ते पास करायचं. त्यानं मंचावरच्या लोकांकडं पाहिलं, आणि सातवं पूर्ण वाचलं. अर्ध्या हॉलनं ते म्हटलं. मोठं लग्न असावं आणि बँड एकाच बाजूनं वाजावा, तसं वाटलं ते. आठव्या कलमाला भागीरथाबाईचा आवाज पुन्हा उठला आणि बाया तिच्यामागे उठल्या. बाराव्यापर्यंत तिनं एक शब्द गाळला नाही.

परतीच्या गाडीत नितेश मागच्या सीटवर होता. मूर्तिजापूरच्या आसपास भागीरथाबाईनं न वळता विचारलं, "तू म्हटलं का रे सातवं?"

"सगळे म्हणून राहिले होते, आई."

"मी ते नाही विचारलं."

"ओठ हालवले," तो म्हणाला.

बेबीताईनं कपाळावर हात मारला. "बायको घरी, अन् ओठ अमरावतीले!" पण या वेळी कोणी हसलं नाही, नबीसुद्धा.

घरी पोचण्याआधी नितेशच्या फोनवर आलं की भागीरथाबाईंना महिला आघाडीच्या प्रमुखपदावरून मोकळं केलं आहे आणि दलाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं आहे. तिच्याकडं तसला फोन नव्हताच, त्या ग्रुपमध्ये ती कधी नव्हतीच. प्रणालीनं दार उघडलं, नवऱ्याच्या तोंडाकडं एकदा पाहिलं आणि काही विचारलं नाही. ते न विचारणं नितेशला पुढचे कितीतरी दिवस पुरलं.

वस्तीत दोन तट पडले. काही जण म्हणायचे, बुढीनं बाहेरच्या पोरीसाठी घरच्यांना खाली पाहायला लावलं. पाण्याच्या नळावर एक बाई भागीरथाबाईला बघून घागर उचलून निघून गेली, आणि ही तीच बाई, जिच्या बाळंतपणात भागीरथाबाई रात्रभर उभी होती. भागीरथाबाईला ते लागलं. पण तिनं चाल बदलली नाही. रोज संध्याकाळी अभ्यासिकेच्या दारात जाऊन बसायची. आत प्रणालीची पट्टी टेबलावर वाजायची, "सतरा साते किती? अरे तोंडाकडं काय पाहतो, भिंतीवर लिहिलंय का?"

जयंतीच्या आठ दिवस आधी ललित अभ्यासिकेत आला. दमलेला दिसत होता. मेळाव्यानंतर त्यालाही झोप लागली नसावी, कारण बायांनी न म्हटलेलं कलम सगळ्या जिल्ह्यात चर्चेला आलं होतं. त्यानं सोबत कागद आणला होता.

"आजी, मी दलाच्या समितीशी भांडून आलोय. खरं सांगतो, भांडून. सातव्या कलमाला पोटकलम जोडलं. जन्म शोषक जातीचा असला तरी ज्या व्यक्तीचं वर्तन समितीनं तपासलं आणि योग्य ठरवलं, तिला दाखला देण्यात येईल. दाखला असला की जबाबदारी देता येईल. वहिनींचा दाखला मी तयारच करून आणलाय. फक्त अर्जावर सही. नवऱ्याची एक, त्यांची एक."

मिलमधून येऊन आईजवळ टेकलेल्या नितेशचा चेहरा उजळला. त्यानं खिशातून पेन काढलंसुद्धा. "झालं ना मग! आई, झालं. ललितभाऊनं वाट काढली."

भागीरथाबाईला त्या पोराची दया आली, ललितची. तो खरंच भांडून आला असेल. आपल्या परीनं त्यानं दार उघडलं होतं, पण किती, तर वाकून आत यावं एवढं.

"माही गोठ नाही ही," ती म्हणाली. "जिचा दाखला हाये तिले विचार."

प्रणालीनं खडू खाली ठेवला. ओढणीला हात पुसले. कागद घेतला, उभ्यानं पूर्ण वाचला, आणि तसाच घडी न घालता परत दिला.

"मी सहा वर्षांत माझ्या बापाकडं चांगल्या मुलीचा दाखला मागितला नाही," ती म्हणाली. "तुमच्याकडं का मागू, सर?"

"वहिनी, हा अपमान नाही. ही सोय आहे."

"गोठ्याच्या खिडकीतला कपही सोयच होती. गड्याला चहा मिळायचा त्यात."

नितेशच्या हातात पेन तसंच राहिलं. त्यानं बायकोकडं पाहिलं, आईकडं पाहिलं. मग टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. "नाही, भाऊ," तो म्हणाला. आवाज फार मोठा नव्हता त्याचा, पण या वेळी आवाज होता. "मायी सही नको."

ललितनं कागद बॅगेत टाकला. "तर मग मला दलाचं सामान न्यावं लागेल. कपाटं, पुस्तकं, फलक. माझ्या हातात नाही आता."

"ने," भागीरथाबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ललितबरोबर दलाची दोन माणसं सामान भरायला आली. नबीची गाडी समोरच उभी होती, त्यांनी त्याला विचारलं. नबीनं बॉनेट उघडून ठेवलं. "बंद पडली."

"आत्ता तर चालत होती!"

"स्टेपनी फुटली," तो म्हणाला, आणि बिडी पेटवायला भिंतीआड गेला. शेवटी ललितनं मालाचा ऑटो बोलावला. कपाटं गेली. पुस्तकांचे गठ्ठे पोरांनी स्वतः उचलून दिले, प्रणालीनं तसं सांगितलं होतं. एका गठ्ठ्यावर एक पोरगी अडून बसली, भरतीचं पुस्तक अर्धंच वाचून झालं होतं तिचं. प्रणालीनं तिला हाताला धरून उठवलं. दारावरचा फलक काढताना चुन्याचा मोठा पापुद्रा निघाला आणि आतली वीट दिसायला लागली.

खोली रिकामी झाली तेव्हा खरंच भकास वाटली. बेबीताई कंबरेवर हात ठेवून बघत होती. "एवढी मोठी होती का वो ही खोली? कपाटायनं दडवली होती."

ललित शेवटी एकटा दारात आला. त्याच्या शर्टाला चुना लागला होता. "आजी, तुम्ही चळवळ फोडली. आज ना उद्या तुम्हाला कळेल."

"फोडली असन. पण मी हातातली सोडली नाही." ती उंबऱ्यावरून उठली नाही. "बाबू, तू हुशार हायेस. आपल्या लोकायले तुह्यासारखे पोट्टे पाहिजेत, हे मी उद्याही म्हणीन अन् तुह्या माघारीही म्हणीन. कोणी तुह्यावर हात टाकला तं मी पहिली येईन. पण मी चळवळीत तुह्या जन्माच्या आधीपासून हाये. तू ग्रुपमधून काढशील अन् मी निघीन, असं ते घर नाही."

"जयंतीच्या मिरवणुकीत दलाच्या रांगेत तुम्हाला जागा नाही, आजी. तसं ठरलंय."

"रांग तुही. रस्ता तं तुहा नाही ना? मी पुढंच राहीन. संगं माही सून राहीन. आडवं याचं असन तं ये, मी तुले तिथंच भेटतो."

ललित वळला. ऑटो रुळाच्या बाजूनं निघून गेला. आत प्रणालीनं पोरांना भिंतीला पाठ लावून जमिनीवर बसवलं होतं, आणि ज्याच्याजवळ जे पुस्तक असेल ते काढायला सांगत होती. एकाकडं सातवीचं निघालं, एकाकडं मागच्या वर्षीचं गाइड, एका पोरीकडं काहीच नाही.

"काहीच नसलेले इकडं या," प्रणाली म्हणाली. "तोंडी गणितं घेते. आणि आज रडायचं काम नाही."

भागीरथाबाई उंबऱ्यावर बसून राहिली, रस्त्याकडं तोंड करून.